चाल कुठून आली?

जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडले की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ दिसते: ‘चाल’, आणि तिच्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. ते दुसरे गाणे कधी लावणी असते, कधी कानडी पद, कधी कीर्तनातले, कधी बायकांच्या घरगुती गाण्यांपैकी. कंपनीतल्या नटाला तेवढी खूण पुरे. आजचा वाचक मात्र ती ओळ ओलांडून थेट पदावर जातो. मीही बरीच वर्षे तसाच जात होतो. हे पुस्तक त्या बारीक टाइपातल्या ओळीविषयी आहे, असे म्हटले तरी चालेल.

ओळ ओलांडल्याची शिक्षा मला जांब समर्थला मिळाली. तरुणपणी एका चर्चासत्रात मी निबंध वाचला होता आणि त्यात ठोकून दिले होते की साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी रंगभूमीला दिलेली अगदी नवी देणगी. कोणी हरकत घेतली नाही. उलट चहाच्या वेळी दोघातिघांनी पाठ थोपटली. त्याच वर्षी रामनवमीला जांबला होतो. जन्माचे कीर्तन झाले, सुंठवडा वाटून झाला, आणि ओसरीवर टेकलेल्या बुवांना मी हे माझे संशोधन मोठ्या उत्साहाने ऐकवले. बुवांनी उपरण्याने मान पुसली आणि शांतपणे विचारले, “अहो, मग मघापासून दीड तास मी काय म्हणत होतो?”

त्या दीड तासात त्यांनी निदान सहा साक्या आणि चार दिंड्या म्हटल्या होत्या, आणि मी समोरच बसलो होतो. पण नाट्यगृहात कानावर पडली की ती साकी आणि देवळात पडली की ते नुसते कीर्तन, अशी माझ्या कानाचीच वाटणी झालेली होती. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या बहुतेकांची ती झालेली असते. दोष त्यांचा नाही. अभ्यासक्रमात लोकसंगीत एका पेपरात, शास्त्रीय संगीत दुसऱ्यात आणि नाट्यसंगीत तिसऱ्यात असते, आणि चाल बिचारी या तिन्ही पेपरांमधून विनातिकीट फिरत असते.

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले गाव. शके १५३०, म्हणजे १६०८ साली, रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथे. पुढे तो रामदास झाला, टाकळी, चाफळ, सज्जनगड असा आयुष्यभर फिरला, आणि गावाच्या नावाला ‘समर्थ’ जोडले गेले. नाटकाच्या इतिहासात या गावाचे नाव कुठे येत नाही. तरी ही प्रस्तावना मी पुण्याच्या नाट्यगृहापासून सुरू न करता इथून करतो आहे, कारण ज्या कारखान्यात मराठी नाटकाच्या चाली घडल्या तो कारखाना नाट्यगृहात नव्हता. तो देवळाच्या सभामंडपात होता, आणि त्याचे नाव कीर्तन.

समर्थांना आपण उपदेशक म्हणून वाचतो, त्यामुळे त्यांचा कान किती तयार होता हे सुटून जाते. दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनभक्तीवर एक समास आहे. चौदाव्यात कीर्तनलक्षण आणि हरिकथालक्षण असे दोन. त्यांत टाळ-मृदंग आहे, नृत्य आहे, तान-मान आहे, आणि कोणत्या श्रोत्यांपुढे काय गावे याचे व्यवहारी भानही आहे. त्यांच्या पदांवर गाथेत राग आणि ताल दिलेले सापडतात. मारूसारखा राग आणि धुमाळीसारखा भजनी ताल एका ओळीत शेजारी शेजारी बसलेले. त्याच गाथेत भूपाळ्या आहेत, सवाया आहेत, आरत्या आहेत आणि डफगाणीही आहेत. डफ हे शाहिराचे वाद्य. रामभक्तीचा प्रसार करणाऱ्या संन्यस्ताला डफावरच्या गाण्याचे वावडे नव्हते, ही गोष्ट मला त्यांच्या अनेक उपदेशांपेक्षा जास्त सांगून जाते.

उलट्या दिशेचे उदाहरणही त्यांचेच. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. बारा अक्षरांचे, चार ‘य’ गणांचे हे संस्कृत वृत्त पंडितांकडून आलेले. पण भिक्षेच्या फेरीत, दारोदार, दोनशे पाच श्लोक म्हटले गेले आणि ते वृत्त मराठी माणसाच्या जिभेवर असे बसले की शाळेत न गेलेली आजीही ते चालीत म्हणते. आता हे शास्त्रोक्त की लोकसंगीत? मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारतो आणि उत्तराची घाई करत नाही.

आता कारखान्याच्या आत जाऊ. मराठी कीर्तनाच्या तीन ठळक पद्धती: वारकरी, नारदीय आणि रामदासी. मराठवाड्यात त्या एकाच गावात, कधी एकाच देवळात, पाळीपाळीने ऐकायला मिळतात. वारकरी कीर्तनात अभंगाचे निरूपण आणि मागे टाळकऱ्यांची रांग. नाटकाच्या दृष्टीने नारदीय कीर्तन महत्त्वाचे, कारण तिथे एकटा माणूस उभा असतो आणि त्याला गोष्ट सांगायची असते. नमन, मग एखादे पद घेऊन पूर्वरंग, मध्ये नामगजर आणि बुक्का, आणि मग उत्तररंगात आख्यान. आख्यानात राजा तोच, राणी तीच, राक्षसही तोच. उपरणे डोक्यावरून घेतले की सीता, कमरेला आवळले की हनुमान. साथीला पेटी, तबला, हातात झांज किंवा चिपळ्या. एवढ्या भांडवलावर रात्र काढायची तर गाण्याचे प्रकार भरपूर हवेत, आणि प्रत्येक प्रकाराला काम ठरलेले हवे.

ही कामाची वाटणी जवळून बघण्यासारखी आहे. बुवा गद्यात बोलत असतात. नळराजा वनात आला, हंस दिसला, वगैरे. बोलता बोलता वाक्याची शेवटची दोन-तीन अक्षरे लांबतात. पेटीवाला ते लांबणे ओळखतो आणि सूर धरून ठेवतो. तबलजी अजून हात बांधून बसलेला असतो. मग बुवा साकी उचलतात. सोळा आणि बारा अशा अठ्ठावीस मात्रांची ओळ, सरळ चालीची, शब्द स्पष्ट, गोष्ट पुढे नेणारी. साकी संपते न संपते तोच पुन्हा गद्य. दिंडी जरा वेगळी. तिच्या चरणात नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा; नवव्या मात्रेवर ती किंचित अडते आणि मग उतारावरून निघाल्यासारखी शेवटाकडे जाते. त्या अडण्यात वर्णन छान बसते, म्हणून रघुनाथ पंडितांच्या नळाख्यानातल्या दिंड्या कीर्तनकारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. आर्या आली की मोरोपंत आले, आणि बुवांना पांडित्य दाखवायची संधी. धावपळ, लढाई, गर्दी, मेजवानी असे काही असले की कटाव: अनुप्रासांच्या लडीच्या लडी एका दमात. कटावांसाठी नावाजलेले अमृतराय अठराव्या शतकात औरंगाबादेत राहत होते, म्हणजे आमच्याच मुलुखातले. आणि नायिका रडू लागली, भक्त देवाला हाक मारू लागला, की मग रागातले पद आणि तबल्याला काम.

म्हणजे कथा पुढे न्यायला एक गाणे आणि भावनेपाशी थांबायला दुसरे. युरोपीय ऑपेरात बोलगाणे आणि आरिया असा जो भेद करतात त्याच्याशी हे ताडून बघण्याचा मोह होतो. बघावे, पण साकीला कोणाच्या उसनवारीची गरज नव्हती एवढे लक्षात ठेवावे.

पण बुवांच्या पोतडीत चाली येत कुठून? चातुर्मासात या गावी, उत्सवात त्या गावी अशी भटकंती. रात्री गोंधळ्याचे संबळ आणि तुणतुणे, पहाटे वासुदेव, ओसरीमागे जात्यावरची ओवी. जांबच्या दक्षिणेला गोदावरी आहे. तिच्या काठाने प्रवाहाच्या उलट गेले की पैठण, आणि पैठण म्हणजे एकनाथांची भारुडे, ज्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी असे गावगाड्यातले लोक आपापल्या लकबीने गातात. उत्सवाच्या शेवटी लळित होई, त्यात तर ही सोंगे प्रत्यक्ष उभी राहत. श्रोता उठून जाऊ नये म्हणून कीर्तनकार यातले हवे ते उचलत असे. तमाशाचा फडही त्याला वर्ज्य नव्हता. रामजोशी आणि अनंतफंदी हे दोघे शाहीर पुढे कीर्तनाकडे वळले. फंदीला अहिल्याबाई होळकरांनी वळवले असे सांगतात. माणूस वळला तरी गळा तोच राहतो. लावणीचा ठसका त्या गळ्यातून सभामंडपात आला तो तिथेच राहिला.

या पार्श्वभूमीवर ५ नोव्हेंबर १८४३ कडे बघा. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला होता आणि तसे काही मराठीत करा म्हणून सांगितले होते, ही कथा सर्वांना पाठ आहे. मला त्या खेळातला सूत्रधार महत्त्वाचा वाटतो. सगळी पदे तो म्हणत असे. पात्रे येत, पदाच्या अनुरोधाने स्वतःच्या मनाने बोलत, लढत, आणि राक्षस असतील तर आरोळ्या ठोकत. म्हणजे कीर्तनकार जागेवरच होता. फक्त त्याच्या आख्यानातली माणसे त्याच्या अंगातून निघून बाजूला उभी राहिली होती.

इथे एक योगायोग सांगतो. त्यावर सिद्धांत उभारू नये. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज. मिरजेत समर्थशिष्या वेणाबाईंचा मठ. उभे राहून कीर्तन करण्याची मोकळीक समर्थांनी वेणाबाईंना दिली होती असे संप्रदाय सांगतो. त्यांच्या मोठ्या काव्याचे नाव ‘सीतास्वयंवर’. भाव्यांनी ते समोर ठेवून नाटक रचले असे मी म्हणत नाही. पण पहिल्या खेळाला हाच विषय का सुचावा, याचे उत्तर संस्थानिकाच्या हुकमापेक्षा त्या परिसरातल्या देवळांत शोधणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

किर्लोस्करांचा जन्मही १८४३ चाच, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हे खरे. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती पार पाडायला साहित्य हाताशी असणे वेगळे. साहित्य कीर्तनाचे होते. त्यांनी केलेली खरी क्रांती एका वाक्यात सांगता येते: गाणे सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी दिले. शकुंतला स्वतः गाऊ लागली, कण्व स्वतः गाऊ लागला. पदांची संख्या दोनशेच्या घरात गेली, तरी प्रेक्षक गोंधळला नाही, कारण त्यातली साकी कशासाठी आणि पद कशासाठी हे त्याला देवळात बसून आधीच समजलेले होते. १८८२ च्या ‘सौभद्रा’त ही वाटणी आणखी मुरलेली दिसते. मी चर्चासत्रात जी ‘देणगी’ म्हटली होती ती देणगी प्रेक्षक घरून घेऊन आला होता.

हेच कीर्तन दुसऱ्या दिशेलाही गेले आणि तिकडची गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने रामदासी मठ दक्षिणेत पोचले होते. त्यांतल्या शहाजीराजांनी तर सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली. एकोणिसाव्या शतकात मेरुस्वामी हे रामदासी तंजावराहून त्रावणकोरला गेले आणि स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात त्यांनी कीर्तनाची गोडी लावली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवा तंजावरला आले, आणि त्यांच्या पद्धतीवरून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आजही चेन्नईत हरिकथा ऐकायला बसलात तर तमिळ कथेच्या मधोमध साकी येते, दिंडी येते, अंजनीगीत येते, आणि नावेही हीच. भाषा बदलली, राग कर्नाटकी झाले, चालीचे नाव मात्र मराठीच राहिले.

पुढचा टप्पा नाट्यसंगीताच्या चाहत्यांना सर्वांत प्रिय आहे आणि म्हणूनच त्यावर लिहिताना हात जरा आखडतो. देवलांनी १८९९ च्या ‘शारदा’त पद बोलण्याच्या जवळ ठेवले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी त्याआधीच, १८९६ च्या ‘वीरतनया’त, पारशी-गुजराती रंगभूमीच्या चाली आणल्या. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’ आले आणि गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या अंगाच्या चाली मराठी शब्दांत बसवल्या. ‘मानापमाना’पासून नाटकात शास्त्रीय संगीत आले असे सरसकट म्हणतात, पण कजरी हे मिर्झापूर-बनारसकडचे पावसाळ्यातले लोकगीतच की! एका प्रांताचे लोकसंगीत दुसऱ्या प्रांतात पोचेपर्यंत शास्त्रीय होते, हा प्रवासाचा महिमा. पाच वर्षांनी भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’साठी ख्यालाच्या बंदिशी वापरल्या, बालगंधर्वांनी त्या अजरामर केल्या, पुढे गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा उस्ताद येऊन बसला. ते वैभव मी नाकारत नाही. माझे बालपण त्या तबकड्यांवर गेले आहे. पण किंमत काय पडली तेही लिहायला हवे. पद रंगू लागले, वन्समोअर वाढले, आणि कथा पुढे नेणारी साकी-दिंडी हळूहळू बाहेर पडली. गाणारा नट थांबला की गोष्टही थांबू लागली. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांना बोलपटाने हरवले असे आपण म्हणतो. माझ्या मते दिंडी गेली तेव्हाच त्यांचा श्वास अर्धा गेला होता.

आता थोडे चीनकडे वळतो, कारण चाल कुठून आली हा प्रश्न जगात एकट्या मराठीला पडलेला नाही. चीनच्या जुन्या नाट्यप्रकारांत, विशेषतः कुनछूमध्ये, नाव असलेल्या ठरीव चालींचे भांडार असते. त्यांना छ्यूपाय म्हणतात. नाव सांगितले की ओळींची लांबी, वळण, स्वरांचा आराखडा ठरला. नाटककाराने त्यात नवे शब्द घालायचे. हे वाचताना मला आमच्या पदावरची ती ‘चाल’ची ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. पेकिंग ऑपेराही पेकिंगमध्ये जन्मलेला नव्हे. १७९० मध्ये सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्हुईच्या कंपन्या राजधानीत आल्या आणि प्रांतोप्रांतीच्या चाली तिथे एकत्र मुरल्या.

चीनच्या आधुनिक ऑपेराची कथा आणखी बोलकी आहे. १९४२ नंतर येनानमध्ये माओंच्या सांगण्यावरून कलावंत खेड्यांत गेले, यांगको नावाच्या शेतकरी नाच-गाण्यांतून छोटी नाटुकली उभी राहिली, आणि १९४५ मध्ये ‘श्वेतकेशी मुलगी’ हा ऑपेरा आला. त्यातल्या गरीब कुळाच्या लेकीच्या गाण्यासाठी संगीतकारांनी हेबेई प्रांतातले, आई नसलेल्या पोरीचे लोकगीत घेतले. ज्याने ते खेड्यात ऐकले होते त्याला पोरीची कथा कळण्याआधीच डोळ्यांत पाणी यावे, असा तो हिशेब. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोचले होते आणि १९४२ च्या डिसेंबरात हेबेईतच वारले. त्यांच्यावरच्या शांतारामबापूंच्या चित्रपटाला संगीत वसंत देसाईंचे, ज्यांनी पुढे १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’च्या चाली बांधल्या. हा धागा ओढून फार काही हाती लागणार नाही, पण मला तो सोडवतही नाही.

फरक इतकाच, की तिथे चाली गोळा करायला धोरण होते, पथके होती, वह्या होत्या. आमच्याकडे ते काम बुवांनी पोटासाठी, कोणी न सांगता केले. त्यामुळे आमच्याकडे नोंद नाही; पण चाल धुऊन-पुसून सरकारी झाली, असेही घडले नाही.

आमचे ‘येनान’ म्हणायचेच तर ते मुंबईच्या गिरणगावात होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावचे, तमाशाच्या मातीतले. त्यांनी तमाशाची चौकट ठेवली, पण गणातले देवाचे वंदन काढून देशाला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले, गवळण वगळली, आणि वगात गिरणी कामगार आणला. संगीत नाटकाच्या इतिहासांत या घटनेला बहुधा तळटीपेइतकीच जागा मिळते. या पुस्तकात तिला दोन स्वतंत्र लेख आहेत, आणि तेही मला कमी वाटतात.

त्यानंतर नाटकवाले पुन्हा पुन्हा त्याच विहिरीवर आले. वसंत कानेटकरांनी १९६६ मध्ये ‘लेकुरे उदंड जाली’ लिहिले, तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी संवादातून सहज उगवणारी, बोलत बोलत म्हणायची गाणी बांधली. तानांच्या काळात हरवलेले साकीचे काम तिथे दुसऱ्या वेषात परत आलेले मला ऐकू येते. आणि नाटकाचे नाव दासबोधातले! जांबच्या माणसाला याचा आनंद होणारच. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन आणि लावणी एकमेकांना इतकी खेटून उभी केली की पावित्र्य कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते ते कळू नये; हा डाव फक्त चालींच्या जोरावर खेळता येतो, भाषणाने नाही. दोन वर्षांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करू लागले. आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ आले. दोनच बायका, आनंद ओकांचे संगीत, अभंग आणि ओवी. आणि त्या ओवीत जात्याची घरघर न वाजवताही ऐकू येते.

या वाटेवर आमच्या आधी चालून गेलेल्यांचे ऋण मोठे आहे. अशोक रानड्यांनी रंगभूमीवरचे संगीत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे ठामपणे मांडले. रा. चिं. ढेऱ्यांनी गोंधळी, वासुदेव, पोतराज यांना ग्रंथालयात आणले. प्रभाकर मांड्यांनी औरंगाबादेत बसून मराठवाड्याच्या लोकरंगभूमीची उस्तवार केली, आणि तारा भवाळकरांनी पौराणिक नाटकाचे लोकपरंपरेशी असलेले नाते दाखवून दिले. त्यांच्याशी मतभेद होतील तेव्हा खुशाल मांडा; मात्र आधी ते नीट वाचून घ्या.

नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. कीर्तन टिपायला जाल तेव्हा यंत्र गाणे सुरू झाल्यावर चालू करू नका. गाण्याआधीची ती दोन-तीन लांबलेली अक्षरे हाच तुमचा विषय आहे. पेटीवाल्याची पट्टी लिहून ठेवा, काळी एक की पांढरी चार, आणि ती मध्येच का बदलली तेही त्यालाच विचारा; तो बुवांपेक्षा खरे सांगतो. भातखंडे लिपीत दिंडी लिहून काढली की स्वर हाती येतात, पण नवव्या मात्रेवरचे अडणे निसटते, हे ध्यानात असू द्या. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य वेचून जमवलेली मठामठांतली बाडे आहेत. तिथे जा, आणि पदांच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा. आणि गावात कोणी म्हातारी “मला काही गाता येत नाही बाई” म्हणाली तर उठू नका. त्यानंतरच ती गाते.

हे पुस्तक तयार होत असताना गेल्या रामनवमीला पुन्हा जांबला होतो. माझी चूक दाखवणारे बुवा आता नाहीत. त्यांच्या जागी तरुण कीर्तनकार होते, गळा गोड, तयारी चांगली. दुपारचे बारा वाजले, गुलाल उधळला, पाळण्याची दोरी हलली. बुवांनी पाळणा सुरू केला तो एका गाजलेल्या नाट्यपदाच्या चालीवर. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सभामंडपातून नाटकात गेलेली वाट अशी उलटी परत येते, तेव्हा मी वही उघडलीच. पण मागे खांबांपाशी बसलेल्या बायकांनी तोच पाळणा आपल्या चालीवर धरला, त्यांच्या आयांच्या, संथ, तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या. दोन ओळी नुसती ओढाताण. बुवा पुढे, बायका मागे, आणि मधे तबलजी गोंधळलेला. पेटीवाल्याने एकदा बुवांकडे पाहिले, एकदा खांबांकडे, भाता सावरला, आणि बायकांचा सूर धरला. तिसऱ्या ओळीला बुवाही तिकडे गेले.

जांब समर्थ,
चैत्र शुद्ध दशमी